चीनला राहावयास जाताना फोन कोणता घ्यावा

रत्नागिरी जिल्ह्यातील घरांना माणूस दूर असण्याची सवय पिढ्यानुपिढ्यांची आहे. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि बोटींवर गेलेल्या चाकरमान्याची मनीऑर्डर आणि तिच्या कुपनावर दाटीने लिहिलेल्या दोन-चार ओळी यांच्या आधाराने येथील कित्येक वाड्यांनी आपले संसार चालविले. पुढे आखाती देशांची वाट रुळली. आणि देशातील खासगी वैद्यकीय महाविद्यालयांचे शुल्क सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेल्यामुळे, गेल्या दोन दशकांत वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी चीनला जाणाऱ्या भारतीय मुलांत कोकणातील मुलेही दिसू लागली. २०१९ च्या सुमारास चीनच्या विद्यापीठांत सुमारे २३,००० भारतीय विद्यार्थी होते, आणि त्यांतील बहुतेक वैद्यकशास्त्राचे होते. २०२० च्या साथीत चीनची सरहद्द बंद झाली, ऑगस्ट २०२२ पासून विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा मिळू लागला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता आणि ग्वांगझौ यांच्या दरम्यानची थेट विमानसेवाही पूर्ववत झाली. तेव्हा हा प्रश्न आता पुन्हा घराघरांत निघणार, की मुलाला किंवा मुलीला तिकडे जाताना फोन कोणता घेऊन द्यावा. आणि रत्नागिरी शहरात मारुती मंदिर असो वा राम आळी, दुकानात गेले की या प्रश्नाचे उत्तर बहुधा कॅमेऱ्याच्या गुणांनी आणि हप्त्यांच्या सवलतींनी दिले जाते. चीनमध्ये पाच-सहा वर्षे काढावयाची आहेत, अशा माणसाच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी गौण आहेत, आणि खरोखर निर्णायक असलेल्या गोष्टींचा त्या संभाषणात सहसा उच्चारही होत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मूळ अडचण अशी की या प्रवाशाच्या मार्गात एक नव्हे तर दोन राष्ट्रांचे मनाईहुकूम आहेत. चीनने फेसबुक आणि यूट्यूब २००९ मध्ये बंद केले, गूगलच्या सेवा क्रमाक्रमाने बंद झाल्या, आणि २०१७ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपही बंद पडले. हे बहुतेकांना ऐकून तरी ठाऊक असते. परंतु आपल्या सरकारनेही २९ जून २०२० रोजी ज्या ५९ चिनी अ‍ॅपांवर बंदी घातली त्यांत वीचॅट होते, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघालेल्या ११८ अ‍ॅपांच्या यादीत अलीपे होते. या दुसऱ्या बाजूचा विचार मात्र निघतेवेळी फारसा कोणी करीत नाही. चीनमध्ये वीचॅट म्हणजे केवळ निरोपानिरोपीचे साधन नव्हे. वर्गाच्या सूचना, वसतिगृहाचे व्यवहार, खानावळीचे बिल, रुग्णालयातील नोंदणी, इतकेच काय पण भाजीवाल्याचे पैसे, हे सर्व वीचॅटवरून किंवा अलीपेवरून होते. परिणाम असा की तेथे मुलाजवळ जे असलेच पाहिजे ते रत्नागिरीत बापाला वापरता येत नाही, आणि बापाला जे एकच वापरता येते ते तेथे मुलाला उघडत नाही. आणखी खोल पाहिले तर गुंता याहून अवघड आहे. ही चिनी अ‍ॅपे भारतात असताना गूगलच्या प्ले स्टोअरमधून उतरवून घेता येत नाहीत, आणि चीनमध्ये उतरल्यावर प्ले स्टोअरच उघडत नाही. फोनची निवड या गुंत्याकडे पाहूनच केली पाहिजे.

पहिला निर्णय खरेदी कोठे करावी याचा. चीनमध्ये फोन स्वस्त मिळतात, ११ नोव्हेंबरच्या आणि १८ जूनच्या विक्रीपर्वांत तर विशेषच, आणि तेथील ग्राहक कायद्याने २०१४ पासून दूरस्थ खरेदीतील बहुतेक माल सात दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्कही दिलेला आहे. हे सर्व खरे असूनही पहिला फोन येथूनच घेऊन जावा असे माझे स्पष्ट मत आहे. चिनी बाजारपेठेसाठी बनविलेल्या फोनांत, मग ते शाओमीचे असोत, ओप्पोचे असोत वा विवोचे, नाव आणि रूप आपल्याकडच्या फोनांसारखेच असले तरी आतली व्यवस्था वेगळी असते. त्यांत प्ले स्टोअर नसते. पडद्यावरची भाषा बहुधा चिनी आणि इंग्रजी एवढीच निवडता येते, मराठी नाहीच. आणि मागे चालू राहिलेली अ‍ॅपे बॅटरी वाचविण्यासाठी इतक्या तत्परतेने बंद केली जातात की भारतीय बँकेची सूचना वेळेवर येईल याची शाश्वती राहत नाही. हुआवेच्या फोनांविषयी अधिकच सावध राहावे. मे २०१९ मध्ये अमेरिकेने त्या कंपनीवर निर्बंध घातल्यापासून तिच्या नव्या फोनांत गूगलच्या सेवा नाहीत, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात तिने जी नवी हार्मनी प्रणाली आणली तीवर अँड्रॉइडची अ‍ॅपे मुळातच चालत नाहीत. यंत्र म्हणून ते फोन उत्कृष्ट आहेत. परंतु ज्याला रत्नागिरीच्या बँकेतील खाते त्याच फोनावरून पाहावयाचे आहे त्याच्या ते उपयोगी पडणार नाहीत. चीनमध्ये स्थिरस्थावर झाल्यावर, दोन-तीन वर्षांनी, केवळ तिकडच्या व्यवहारासाठी म्हणून स्वस्तातला एखादा दुसरा चिनी फोन घेणे मात्र सर्वथा शहाणपणाचे आहे.

अमेरिकेत असलेल्या मामाने किंवा आत्येभावाने भेट म्हणून आयफोन पाठविण्याची तयारी दाखविली, तर त्याचे आभार मानून आधी एका गोष्टीची खातरजमा करून घ्यावी. २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांना सिमकार्ड बसविण्याची खाचच नाही; त्यांत केवळ ई-सिम चालते, आणि चीनमधील कंपन्या परदेशी विद्यार्थ्याच्या हाती अजूनही सामान्यतः प्रत्यक्ष कार्डच ठेवतात. असा महागडा फोन घेऊन तेथे पोहोचलेल्या मुलाला चिनी क्रमांकच घेता आला नाही, तर त्या फोनाचा उपयोग छायाचित्रे काढण्यापुरता राहील. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनांपैकी बहुतेकांत एक खाच आणि जोडीला ई-सिम असते. आयफोन एअरसारखा केवळ ई-सिमचा फोन मात्र टाळावा.

आता दोन क्रमांकांविषयी. हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि येथे विस्तार झाला तरी चालेल.

चीनमध्ये सिमकार्ड पारपत्र दाखविल्याशिवाय मिळत नाही, आणि १ डिसेंबर २०१९ पासून नवे कार्ड देताना चेहऱ्याचीही नोंद घेतली जाते. त्या क्रमांकावरच वीचॅट, त्यावरच अलीपे, त्यावरच बँकेचे खाते आणि रेल्वेचे तिकीट उभे राहते, आणि या प्रत्येक ठिकाणी नाव अक्षरशः पारपत्रातल्याप्रमाणे असावे लागते. आपल्या पद्धतीत मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि नंतर आडनाव येते, आणि पारपत्रात स्वतःचे नाव व वडिलांचे नाव एकाच रकान्यात लागोपाठ लिहिलेले असते. चिनी कारकुनाला ही रचना अपरिचित असल्यामुळे तो एखाद्या नोंदीत वडिलांचे नाव गाळतो, एखाद्या नोंदीत आडनाव आधी घालतो, आणि मग दूरध्वनी कंपनीच्या दप्तरातील नाव बँकेच्या दप्तराशी जुळत नाही, म्हणून पैसे देण्याची सोय अडून बसते. सिमकार्ड घेतानाच, खिडकीपाशी उभे असतानाच, कागदावर छापलेले नाव पारपत्राशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, आणि पुढे सर्वत्र तीच अक्षररचना ठेवावी. ही दोन मिनिटांची दक्षता पुढचे कित्येक हेलपाटे वाचविते.

भारतीय क्रमांक तितकाच जपला पाहिजे. बँकेचा गुप्त अंक त्यावर येतो, आणि यूपीआयचे अ‍ॅप तर ज्या फोनात ते कार्ड आहे त्याच फोनावर नोंदले जाते. २०२३ मध्ये ज्या दहा ठिकाणच्या परदेशी क्रमांकांवर अनिवासी भारतीयांना यूपीआय वापरण्याची मुभा मिळाली, त्यांत हाँगकाँग आहे. चीनची मुख्यभूमी नाही. म्हणून निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंगची सोय चालू करून घ्यावी, आणि वडिलांनी त्या क्रमांकाची मुदत संपू देऊ नये. सलग नव्वद दिवस वापर झाला नाही तर क्रमांक बंद होण्याचा धोका असतो, आणि एकदा तो दुसऱ्याला दिला गेला की बँकेची सर्व नोंदणी नव्याने करावी लागते. भारतीय कार्ड तिकडे हरवले तर नवे मिळविण्यासाठी धारकाने स्वतः ओळख पटवावी लागते, आणि चीनमधून ते अत्यंत अवघड होते.

यावरून फोनाची पहिली कसोटी ठरते: दोन क्रमांक एकाच वेळी चालू राहिले पाहिजेत, आणि त्यांतील निदान एक प्रत्यक्ष कार्ड असले पाहिजे. ज्या फोनात एकच खाच आणि ई-सिम आहे त्यात भारतीय क्रमांक येथे असतानाच ई-सिममध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि खाच चिनी कार्डासाठी मोकळी ठेवावी. परंतु माझा कल दोन प्रत्यक्ष कार्डे घेणाऱ्या फोनाकडे आहे. कारण तो फोन पाण्यात पडला वा फुटला तर भारतीय कार्ड काढून मित्राच्या फोनात घालता येते, ई-सिमचे तसे नाही.

लहरींच्या पट्ट्यांविषयी थोडक्यात सांगतो. चायना युनिकॉम आणि चायना टेलिकॉम यांच्या पाचव्या पिढीच्या सेवेचा मुख्य पट्टा, ज्याला एन-७८ म्हणतात, तोच आपल्याकडे जिओ आणि एअरटेल वापरतात, म्हणून भारतात घेतलेला फोन या दोन कंपन्यांवर सहसा व्यवस्थित चालतो. चायना मोबाइलचे कार्ड घ्यावयाचे असल्यास एन-४१ हा पट्टा फोनाच्या वर्णनपत्रिकेत आहे की नाही ते पाहावे.

बाकीच्या कसोट्यांत कॅमेरा शेवटी येतो. त्याला क्यूआर कोड, म्हणजे चौकटीतील ठिपक्यांचा संकेत, झटकन वाचता आला म्हणजे पुरे. बॅटरी मोठी असावी, कारण तेथे फोन हाच पैशाचा बटवा आहे, आणि तो विझला तर बसचे भाडेही देता येत नाही. साठवणुकीची जागा २५६ जीबीपेक्षा कमी घेऊ नये; वीचॅट वर्षभरात इतकी जागा खाते की लहान फोन गुदमरतो. आणि वैद्यकीय अभ्यासक्रम आंतरवासितेसह सहा वर्षांचा धरला तर तितकी वर्षे सुरक्षेच्या सुधारणा मिळतील असाच फोन घ्यावा. सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून आणि गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून सात वर्षांची हमी दिली आहे, आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी ए१६ सारख्या मध्यम किमतीच्या फोनांनाही सहा वर्षांची मुदत आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाने या शेवटच्या वर्गात शोध घ्यावा, असे मी सुचवीन. व्यापारी जहाजावर काम करणाऱ्या आणि निंगबोला वा चिंगदाओला चार दिवस बोट लागली म्हणून किनाऱ्यावर उतरणाऱ्या खलाशाला यांतील काहीच नको. त्याचा आहे तो फोन आणि रोमिंगचा एखादा पॅक पुरेसा आहे.

फोन हाती आल्यावर येथे असतानाच काय करून ठेवावे हे आता सांगतो. गूगलच्या भाषांतर-अ‍ॅपात चिनी आणि इंग्रजी यांचे संच उतरवून ठेवावेत, म्हणजे ते जाळ्याशिवाय चालतात. मराठीचा कळफलक बसवून घ्यावा. बँकेची अ‍ॅपे अद्ययावत करावीत, कारण तिकडे चिनी जाळ्यावर प्ले स्टोअरकडून सुधारणा येणार नाहीत. आयफोन असल्यास एक अडचण ध्यानात ठेवावी: अ‍ॅप स्टोअर चीनमध्ये उघडते खरे, परंतु त्यात दिसणारा माल माणूस कोठे उभा आहे यावरून ठरत नाही, खाते कोणत्या देशाचे आहे यावरून ठरतो, आणि भारतीय खात्याला वीचॅट दिसत नाही. अशा वेळी दुसऱ्या देशाचे एक स्वतंत्र खाते काढून केवळ खरेदीच्या विभागात ते लावावे, अ‍ॅप उतरवावे आणि पुन्हा मूळ खाते लावावे. छायाचित्रे आणि संपर्क ज्या मुख्य खात्यात आहेत त्याला हात लावू नये. अँड्रॉइडवर ही अ‍ॅपे त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावी लागतात, आणि तेही चिनी कार्ड चालू झाल्यावर. कारण भारतीय कार्डाचे रोमिंग हे जणू भारतातच असल्यासारखे चालते, त्यावर आपल्याकडचे मनाईहुकूम लागू राहतात आणि वीचॅटचे संकेतस्थळ उघडण्याचा भरवसा नसतो. बाहेरून फाइल घेण्याची परवानगी फोनात तेवढ्यापुरती द्यावी आणि काम होताच काढून घ्यावी. कोणी पाठविलेली फाइल कदापि बसवू नये. वीचॅटमध्ये नव्याने नोंदणी करताना आधीपासूनच्या एखाद्या वापरकर्त्याने हमी द्यावी लागते, म्हणून त्याच विद्यापीठातील वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याशी ओळख येथून निघण्यापूर्वीच झालेली असावी. २०२३ पासून या दोन्ही चिनी अ‍ॅपांना परदेशी व्हिसा वा मास्टरकार्ड पद्धतीची कार्डे अधिक मोकळेपणाने जोडता येतात. दोनशे युआनपर्यंतच्या खर्चावर त्यांची आकारणी नाही, त्यावरील रकमेवर मात्र शेकडा तीन द्यावे लागतात, म्हणून मोठी रक्कम एकदम न देता चिनी बँकेत खाते उघडेपर्यंत खर्च लहान ठेवावा.

याच रोमिंगच्या गुणाचा उलट बाजूने उपयोग होतो, आणि घराशी बोलण्याचा राजमार्ग तोच आहे. भारतीय कार्डावरील रोमिंगची माहिती भारतातील जाळ्यातून जात असल्यामुळे त्यावर व्हॉट्सअ‍ॅप चीनमध्येही चालते. हाँगकाँगच्या कंपन्यांच्या ई-सिमलाही हाच न्याय लागू आहे. मात्र ते प्रस्थानापूर्वीच फोनात बसवून ठेवावे. तात्पर्य, चिनी कार्डावर तिकडचे व्यवहार आणि भारतीय कार्डावर घर, अशी वाटणी करून द्यावी, आणि आठवड्यातील एक वार ठरवून त्या दिवसापुरते रोमिंग वापरावे; रोजचा निरोप गूगलच्या नसलेल्या ई-मेलने द्यावा, आणि दोन्हीकडे आयफोन असतील तर फेसटाइमचे चित्रसंभाषण चिनी जाळ्यावरूनही होते. मनाई चुकविणारी व्हीपीएनची साधने पुष्कळ मुले वापरतात, हे मी जाणतो. परंतु चीनमध्ये विनापरवाना व्हीपीएन हा नियमभंग आहे, त्यासाठी दंड झालेले आहेत, आणि जो परक्या देशात विद्यार्थी म्हणून निवासाच्या परवान्यावर राहतो त्याने शिक्षणाचा सारा डाव अशा गोष्टीवर लावू नये.

येथे पालकांना आग्रहाने सांगावेसे वाटते की घरातल्या फोनाचाही विचार करा. मुलाच्या फोनावर सर्व लक्ष जाते, आणि संगमेश्वर किंवा लांजा तालुक्यातील एखाद्या वाडीत, जेथे पावसाळ्यात वीज दोन दोन दिवस जाते आणि मनोऱ्याचा संकेत पडवीच्या एका कोपऱ्यातच पोहोचतो, तेथे आई जुन्या, पडदा तडकलेल्या फोनावर वाट पाहत असते. बोलण्याची वेळ चीनच्या घड्याळाशी जुळवून ठरवावी. ते आपल्यापुढे अडीच तास असते, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तेथे अकरा झालेले असतात आणि वसतिगृहात निजानीज झालेली असते. संध्याकाळी साडेसहाची वेळ दोघांनाही सोयीची. आईला ई-मेल वाचण्यास आणि पाठविण्यास आधीच शिकवून ठेवावे, त्यासाठी शेजारच्या मुलाची मदत घ्यावी. आणि ज्या आठवड्यात जाळे मिळालेच नाही त्यासाठी साधा आंतरराष्ट्रीय कॉल लावण्याची तजवीज दोन्हीकडे असावी, कारण आवाज तेवढा ऐकू आला तरी घर शांत झोपते.

सुटीत मूल रत्नागिरीस परत आले म्हणजे वीचॅट आणि अलीपे येथे चालण्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी प्राध्यापकांना आणि विद्यापीठाच्या कचेरीला आपला ई-मेल पत्ता लेखी देऊन यावे. परीक्षेच्या तारखेतील बदल वीचॅटच्या गटात जाहीर झाला आणि विद्यार्थ्याला तो कळलाच नाही, असे होता कामा नये.

किरकोळ परंतु अडवणाऱ्या काही गोष्टी उरतात. चीनमधील विजेचा दाब आपल्यासारखाच २२० व्होल्टच्या आसपास आहे, पण तेथील खाचा चपट्या पिनांच्या आहेत, तेव्हा एक अडॅप्टर बरोबर न्यावा. पॉवर बँक मात्र येथून नेऊ नये. २८ जून २०२५ पासून चीनच्या अंतर्गत विमानांत थ्री-सी या चिनी प्रमाणपत्राचे चिन्ह नसलेली पॉवर बँक नेण्यास मनाई आहे, आणि शांघायला उतरून दुसऱ्या विमानाने पुढच्या शहरी जाणाऱ्याची ती तपासणीतच काढून घेतली जाईल. गूगलचा नकाशा चीनमध्ये विश्वासाचा नाही, कारण तेथील नकाशे कायद्याने ठरविलेल्या वेगळ्या अक्षांश-रेखांशांवर काढलेले असतात आणि रस्ता शेकडो मीटरांनी सरकलेला दिसू शकतो. तेथील अ‍ॅमॅप वापरावा, किंवा आयफोन असल्यास अ‍ॅपलचा नकाशा चालेल. भाषांतराच्या अ‍ॅपावर मात्र सर्वस्वी विसंबू नये. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. त्या चार वर्षांत त्यांनी चिनी भाषा बोलण्यापुरतीच नव्हे तर वाचण्या-लिहिण्यापुरतीही आत्मसात केली होती, आणि आज ज्याला तेथील रुग्णाच्या खाटेशी उभे राहून विकार समजून घ्यावयाचा आहे त्याचीही त्यावाचून गत नाही.

शेवटी, फोन विकत घेताच त्याचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक, जो तारका-चौकट-शून्य-सहा-चौकट असे दाबले की पडद्यावर येतो, एका कागदावर उतरवून घ्यावा, आणि खरेदीची पावती व पेटी रत्नागिरीच्या घरी ठेवावी. फोन भारतात असताना हरवला तर पोलिसांत तक्रार नोंदवून मे २०२३ पासून सुरू झालेल्या संचार साथी या सरकारी सेवेवर तो बंद पाडता येतो. चीनमध्ये हरवला तर तेथील पोलीस चौकीत हाच आकडा विचारला जाईल. तो कागद मुलाच्या सामानात एक आणि घरच्या कपाटात एक असा दोन ठिकाणी असावा, आणि भारतीय सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे हेही त्यावर लिहिलेले असावे.